टेपरेकॉर्डरवरून स्टुडिओत

गेले दोन आठवडे आपण गटाचं दप्तर आणि आंतरकर्ज यावर बोलत होतो. आज मी अमेरिकेतल्या एका रॉक बँडबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर काहीजणी रेडिओ बंद करायला उठतील. जरा थांबा. या गोष्टीत पैशांचा हिशेब आहे, घरातलं भांडण आहे आणि आपल्या ओव्यांशीही तिचा संबंध आहे.

आपल्या केंद्रानं ओव्या, भोंडल्याची गाणी, हळदीची गाणी पाठवा म्हणून सांगितलं, तेव्हापासून गटागटांतून एकच निरोप येतो: "आधी चांगलं मशीन येऊ द्या, मग गाऊ." मोबाइलमध्ये आवाज नीट येत नाही, मागे पंखा वाजतो, कोंबडा आरवतो, शेजारी टीव्ही चालू असतो. स्टुडिओत बोलवा, तिथं छान म्हणू, असं सगळ्यांचं म्हणणं. पण स्टुडिओ तालुक्याला आणि गाणाऱ्या म्हाताऱ्या बायका घरी, गुडघे धरून बसलेल्या. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या भागातल्या अशा दोन आजी गेल्या. त्यांना किती ओव्या येत होत्या हे आता कोणी मोजूही शकत नाही.

म्हणून म्हटलं, ज्या माणसानं दहा-अकरा वर्षं घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरली आणि मग मोठ्या स्टुडिओत गेला, त्याची गोष्ट बघू. स्टुडिओत गेल्यावर त्याला नेमकं काय मिळालं, आणि घरी असताना त्याचं काय अडलं होतं?

बँडचं नाव 'द माउंटन गोट्स', म्हणजे डोंगरातल्या शेळ्या. शेळीपालनवाल्या गटांनी हसायला हरकत नाही. नाव अनेकवचनी, पण सुरुवातीची बरीच वर्षं या कळपात पुष्कळदा एकच माणूस असायचा. जॉन डार्नील त्याचं नाव. जन्म १९६७चा, बालपण कॅलिफोर्नियात. पुढे तिथल्याच नॉरवॉक गावच्या सरकारी मनोरुग्णालयात तो नर्स म्हणून काम करायचा आणि आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या खोल्यांमध्ये राहायचा. हा मनोरुग्णांची काळजी घेणारा पुरुष नर्स. ते काम किती थकवणारं असतं हे आपल्यातल्या आशाताई आणि परिचारिका सांगू शकतील. तो कविता लिहायचा. त्यांना चाल लावून बघावी म्हणून गिटार वाजवू लागला, आणि गाणं झालं की समोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून टाकू लागला.

हा टेपरेकॉर्डर पॅनासोनिकचा, आरएक्स-एफटी५०० नावाचा. आपल्याकडं नव्वदच्या सुमाराला घराघरांत होता तसाच, वर कडी असलेला, रेडिओ आणि कॅसेट एकाच डब्यात. माइक वेगळा नाही, डब्यातच बसवलेला. आता गंमत बघा. ज्या डब्यात माइक, त्याच डब्यात कॅसेट फिरवणारी मोटर आणि चाकं. त्यामुळं गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर चाकांची घरघरही टेपवर उतरते. डार्नीलच्या जुन्या गाण्यांत पहिला शब्द यायच्या आधी ही घरघर ऐकू येते. त्याच्या श्रोत्यांना ती इतकी सवयीची झाली की ती आली की त्यांना घरी आल्यासारखं वाटतं.

कॅसेटवर 'सूं' असा जो आवाज येतो, त्याचंही कारण साधं आहे. कॅसेटची फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि ती एका सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर सरकते. जुन्या मोठ्या स्टुडिओंतली फीत दोन इंच रुंद असायची आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटर पळायची. फितीवर चुंबकीय भुकटीचा थर असतो आणि आवाज त्या भुकटीवर उमटतो. जितकी जागा जास्त, तितका आवाज स्वच्छ. थोड्याशा भुकटीत भरपूर आवाज कोंबला की भुकटीचा स्वतःचा खरखराट वर येतो. शिवाय अशा घरगुती यंत्रांत आवाजाची पातळी यंत्रच ठरवतं. तुम्ही गप्प झालात की ते कान टवकारून आजूबाजूचं सगळं ओढून घेतं, तुम्ही जोरात गायलात की दाबून टाकतं. आपल्या मोबाइलमध्येही पुष्कळदा हेच होतं. म्हणून गाणं सुरू होण्याआधीच्या शांततेत पंखा मोठा वाटतो आणि बाई गाऊ लागली की तो मागे जातो. तेव्हा पंख्याला भिऊन गाणं थांबवू नका. पंखाच बंद करा आणि मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. गोधडीमुळं जमिनीचा हादरा बसत नाही.

इथं एक आठवण करून देते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यातल्या कितीतरी ओव्या नव्वदच्या दशकात बायकांच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. आज त्या इंटरनेटवर 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. जात्याची घरघर काढून टाकली तर त्या ओवीत काय राहील?

पुन्हा डार्नीलकडं येऊ. असल्या यंत्रावर गाण्याची एक अट असते. सगळं एका दमात. गिटार आणि गळा एकाच वेळी, एकाच माइकवर. मधे शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरुवात. नंतर दुरुस्ती नाही, वरून सनई-तबला चढवणं नाही. म्हणून त्याची तेव्हाची गाणी लहान, दोन-तीन मिनिटांची, आणि त्यात शब्दांनाच सगळं काम करावं लागतं. तो गाणं लिहून झालं की लगेच भरायचा, पुष्कळदा त्याच दिवशी. भाकरी तव्यावरून उतरताच वाढावी तसं. मला वाटतं त्याच्या गाण्यांतला जो ताजेपणा आणि जो ताणलेला, जवळजवळ ओरडणारा गळा आहे, तो निम्मा त्या यंत्रानंच शिकवला. मोठ्यानं म्हटलं तरच घरघरीच्या वर ऐकू येणार, हे त्याला माहीत होतं.

ही गाणी लोकांपर्यंत पोचली कशी? जवळच्या अपलँड गावात 'श्रिम्पर' नावाची अगदी छोटी, घरगुती कंपनी होती. कंपनी म्हणायचं आपलं. कॅसेटवरून कॅसेट भरायची, मुखपृष्ठ हातानं करायचं, टपालानं पाठवायचं. १९९१ साली डार्नीलची पहिली कॅसेट तिथूनच आली. आपल्या पापड-लोणच्याच्या गटांचं पहिलं वर्ष आठवा: माल घरात, पॅकिंग घरात, गिऱ्हाईक ओळखीतलं. तसंच. त्याच काळात तो कॉलेजात इंग्रजी साहित्यही शिकत होता. काही वर्षं रेचल वेअर नावाची बाई त्याच्याबरोबर बास गिटार वाजवायची आणि गायची. १९९४ पासून पूर्ण लांबीचे अल्बम येऊ लागले, 'झोपिलोटे मशीन', मग 'स्वीडन', 'नथिंग फॉर ज्यूस', 'फुल फोर्स गेल्सबर्ग'. काही गाणी इतरांच्या मदतीनं, जरा बऱ्या यंत्रांवर झाली, पण गाभा तोच, घरची खोली आणि टेपरेकॉर्डर.

मग आलं २००२ साल. त्या एका वर्षात त्याचे दोन अल्बम निघाले. एक 'ऑल हेल वेस्ट टेक्सास', सबंध त्या जुन्या पॅनासोनिकवर, एकट्यानं भरलेला. दुसरा 'टॅलहासी', लंडनच्या 'फोर एडी' या नावाजलेल्या स्वतंत्र कंपनीसाठी, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसाडागा इथल्या टारबॉक्स रोड स्टुडिओत केलेला. सोबत बास वाजवायला पीटर ह्यूज. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले तर घरातलं मशीन आणि स्टुडिओ यातला फरक कानाला आपोआप कळतो, कोणी समजावून सांगावा लागत नाही.

स्टुडिओत काय होतं ते थोडक्यात सांगते. तिथं प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर भरता येतो. ड्रमला चार-पाच माइक, गिटारला वेगळा, गळ्याला वेगळा. दोन इंची फितीवर अशा २४ पट्ट्या मावायच्या. आता संगणकावर हव्या तेवढ्या. गळा चांगला लागला पण गिटार चुकली, तर गिटारच पुन्हा वाजवायची. शेवटी सगळ्या पट्ट्या कमीजास्त करून एक गाणं बांधायचं. हे बांधण्याचं काम आणि कोणतं वाद्य कुठं हवं, कुठं गप्प बसावं हे ठरवण्याचं काम ज्याच्याकडं असतं, त्याला तिकडं प्रोड्युसर म्हणतात. आपल्या सिनेमातला पैसे घालणारा निर्माता तो हा नव्हे. 'टॅलहासी'चा प्रोड्युसर टोनी डूगन हा स्कॉटलंडचा. म्हणजे आजवर लिहिणारा, गाणारा, वाजवणारा आणि 'हे बरं झालं' म्हणणारा एकच माणूस होता. आता समोर दुसरं कोणीतरी बसलं, जे म्हणू शकेल, 'हे पुन्हा म्हण.' भिंतींना लावलेल्या गाद्या आणि महागडे माइक यांपेक्षा स्टुडिओतला खरा फरक हाच, असं मला वाटतं.

आणि 'टॅलहासी'ला दुसऱ्या माणसांची गरजही होती. हा अल्बम एका नवरा-बायकोची गोष्ट आहे. दोघं फ्लोरिडातल्या टॅलहासी शहरात एक पडकं घर घेऊन राहतात, दारू पितात, एकमेकांना सोडता येत नाही आणि एकमेकांबरोबर राहताही येत नाही. हे जोडपं डार्नीलच्या घरगुती कॅसेटांवर सुरुवातीपासून अधूनमधून येत होतं, नावात 'अल्फा' शब्द असलेल्या गाण्यांतून. दहा वर्षं सुटं सुटं आलेलं त्यांचं भांडण स्टुडिओत एका जागी आणून संपवलं. त्यातलं 'नो चिल्ड्रन' हे गाणं म्हणजे दोघांचे एकमेकांना दिलेले तळतळाट, पण चाल अशी की लोक कार्यक्रमात हसत हसत एका सुरात म्हणतात. आपल्याकडं लग्नात विहीणबाईला गाण्यातून शिव्या देतात, त्याची आठवण होते. फक्त इथं लग्न मोडतंय. निघाल्यानंतर तब्बल १९ वर्षांनी, २०२१ साली, हे गाणं टिकटॉकवर तरुण पोरांनी उचललं आणि भरपूर गाजवलं. आपल्याकडं तोवर टिकटॉकवर बंदी आली होती, त्यामुळं आपल्या मुली त्यातून वाचल्या किंवा हुकल्या, काय म्हणायचं ते म्हणा.

आता पैशाचं बोलू. स्टुडिओचं भाडं, तंत्रज्ञ, प्रोड्युसर, वादक, सगळ्यांना पैसे लागतात. गायकाकडं ते नसतात, म्हणून कंपनी आगाऊ रक्कम देते. साधारण करार कसा असतो ते आकड्यांनी सांगते. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा कंपनीनं बँडला एक लाख रुपये आगाऊ दिले आणि ते सगळे रेकॉर्डिंगमध्ये गेले. अल्बमची किंमत ३०० रुपये आणि बँडचा वाटा शेकडा १५, म्हणजे एका नगामागं ४५ रुपये. हे ४५ बँडच्या हातात पडत नाहीत, ते आधी त्या एक लाखात वळते होतात. म्हणजे २,२२२ नग खपेपर्यंत बँडला नवा पैसा नाही. कंपनीला मात्र पहिल्या नगापासून पैसे येत असतात.

आपल्या गटाच्या कर्जापेक्षा यात एक सोय आहे आणि एक धोका आहे. सोय ही, की अल्बम खपला नाही तर बहुतेक करारांत बँडला ते पैसे खिशातून परत करावे लागत नाहीत. धोका हा, की पुष्कळदा आगाऊ रक्कम फिटून गेल्यावरही रेकॉर्डिंगची मालकी कंपनीकडंच राहते. घराचं कर्ज फिटलं आणि घर बँकेचंच राहिलं, असं झालं तर आपण सही करू का? काही छोट्या स्वतंत्र कंपन्या म्हणूनच वेगळा हिशेब ठेवतात: आधी खर्च वजा, मग नफा निम्मा-निम्मा. घरी भरलेल्या कॅसेटला यातलं काहीच लागत नाही. खर्च कोऱ्या कॅसेटचा, मालकी आपली. तुमच्या गाण्याचा व्हिडिओ करून देतो म्हणत गावात जी माणसं कागद घेऊन येतात, त्यांच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी मालकी कुणाची हे एका वाक्यात लिहून मागा.

डार्नील स्टुडिओत गेला तेव्हा त्याचे जुने श्रोते सगळेच खूश झाले नाहीत. घरघर गेली म्हणजे खरेपणा गेला, असं काहींना वाटलं. मला हे पटत नाही. खरखरीत आवाज म्हणजे खरा आवाज, हा शहरी माणसाचा लाड आहे. ज्याला चांगला माइक मिळू शकतो त्यानंच खरखर मुद्दाम निवडावी. पण याची उलट बाजूही तितकीच खरी. स्वच्छ आवाज म्हणजे चांगलं गाणं नव्हे.

स्टुडिओ काय करू शकतो हे २००५च्या 'द सनसेट ट्री' या अल्बममध्ये दिसतं, आणि आपल्या दृष्टीनं तोच मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आधीच्या कॅसेटांवर डार्नील बहुतांशी कल्पनेतल्या माणसांची गाणी गायचा. या अल्बममध्ये त्यानं स्वतःचं लहानपण सांगितलं. त्याचा सावत्र बाप घरात मारहाण करायचा. तो बाप वारल्यानंतर ही गाणी आली. 'डान्स म्युझिक' नावाचं एक गाणं आहे, जेमतेम दोन मिनिटांचं. घरात सावत्र बाप आईवर हात उगारतोय आणि लहान मुलगा वर जाऊन आपल्या रेकॉर्ड प्लेअरला कान लावून बसतो, असं त्यात आहे. चाल मात्र पियानोवर उड्या मारणारी. इतर काही गाण्यांत एरिक फ्रीडलँडरचा चेलो आहे, व्हायोलिनपेक्षा मोठं, घोगऱ्या आवाजाचं वाद्य. प्रोड्युसर जॉन व्हँडरस्लाइस. ही गाणी त्यानं पूर्वीसारखी ओरडून म्हटली नाहीत. पुष्कळशी हळू म्हटली आहेत. टेपरेकॉर्डरच्या घरघरीत इतक्या हळू बोलता आलं नसतं. अशा घरांत राहणाऱ्या मुलामुलींना उद्देशून त्यानं हा अल्बम अर्पण केला. ऐकणाऱ्यांत असं कोणी असेल तर महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे नंबर लक्षात ठेवा, दोन्ही फुकट लागतात.

पुढची वर्षं भराभर सांगते. ड्रमवर जॉन वर्स्टर आला, नंतर सॅक्सोफोन आणि इतर वाद्यांसाठी मॅट डग्लस. २०११ पासून अल्बम 'मर्ज' कंपनीकडून येऊ लागले. ही कंपनी १९८९ साली लॉरा बॅलन्स आणि मॅक मकॉन या दोन वादकांनी स्वतःच्या बँडची गाणी काढता यावीत म्हणून सुरू केली होती. लॉरा स्वतः बास वाजवायची. 'मर्ज'नं २०१३ साली 'ऑल हेल वेस्ट टेक्सास' पुन्हा काढला, तेव्हा त्यात आधी न आलेली सात गाणी जोडता आली, कारण ती जुन्या टेपवर शिल्लक होती. तेव्हा मोबाइलमध्ये भरलेली ओवी मेमरी भरली म्हणून पुसून टाकू नका. नाव, गाव आणि तारीख सुरुवातीलाच तोंडानं सांगून ठेवा. फाइलचं नाव बदललं तरी आवाजातली तारीख राहते.

शेवटचा भाग २०२०चा. मार्च महिन्यात हा बँड मेम्फिस आणि मसल शोल्स इथल्या नामांकित जुन्या स्टुडिओंत दोन अल्बम भरून घरी परतला, आणि करोनामुळं सगळे कार्यक्रम रद्द झाले. एकट्या गायकाला कदाचित चालून गेलं असतं, पण आता बँड म्हणजे चार वादक, शिवाय आवाज सांभाळणारे, सामान उचलणारे कामगार. त्यांचा पगार कार्यक्रमांवर. अल्बम तयार होते, पण ते बाजारात यायला वेळ होता. डार्नीलनं तो जुना पॅनासोनिक बाहेर काढला, एका इतिहासाच्या पुस्तकावरून सुचलेली दहा गाणी लिहिली आणि घरीच भरली, पूर्वीसारखीच, एका दमात, घरघरीसकट. एप्रिलमध्ये 'साँग्ज फॉर पिएर शुव्हँ' या नावानं ती कॅसेटवर विकायला आली आणि कॅसेट हातोहात संपल्या. पैसे गेले त्या बँडच्या वादकांना आणि कामगारांना. त्या टेपवर ड्रम नाही, बास नाही, सॅक्सोफोन नाही, पण ते वाजवणाऱ्यांचं त्या महिन्याचं किराणा सामान त्यातून आलं.

पुढच्या मंगळवारी गटाच्या ऑडिटबद्दल बोलू. ओव्यांची रेकॉर्डिंग केंद्रावर आणून द्या किंवा आपल्या सहयोगिनीकडं द्या. कोंबडा आरवला असेल तरी चालेल. नमस्कार.